सात वर्षांची

फ्लेक्स आला तेव्हा खळ्यावर चाळीसेक भारे झोडायचे बाकी होते.

काशी डोळखांबहून झोडणीसाठी आली होती. लग्नाला साठ वर्षं होत आली, पण दिवाळी सरली की टोकावड्याला भावाच्या खळ्यावर यायचं तिनं एकही साल चुकवलं नव्हतं. आता भारा उचलायचं बळ हातात नव्हतं. ती पेंढा झटकून एका बाजूला रचायची आणि कोण कसं झोडतंय त्यावर बोलायची. भाताचं मशीन सगळ्या गावात फिरत होतं, फक्त तिच्या भावाच्या, देवरामच्या खळ्यावर येत नव्हतं. "मशीनचा पेंढा बैल खात नाय," असं तो सांगायचा. बैल विकून चार वर्षं झाली होती.

देवरामचा धाकटा मुलगा जगदीश मोटारसायकलवरून उतरला. मुरबाडहून आणलेली गुंडाळी त्यानं खांद्यावरून खाली ठेवली आणि सारवलेल्या खळ्यावर पसरायला घेतली.

"अरे, भातावर नको," देवराम म्हणाला.

"बाबा, बघा तरी."

चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून झाल्यावर सगळे वाकून बघू लागले. मधोमध देवरामची नात दिपिका होती, धावतानाची, एक पाय हवेत. वरच्या बाजूला ओळीनं हात जोडलेले पुरुष. त्यातल्या एकालाही काशी ओळखत नव्हती.

"हे कोण रे सगळे? मुलगी बघायला आलेत की काय?"

बारकू हसला. देवरामचा हा धाकटा भाऊ खळ्याच्या कडेला बसून सुपानं भात वारवत होता. त्याची पाठ अशी वाकलेली होती की बसल्यावरच तो इतरांसारखा दिसायचा.

"आत्या, हे शुभेच्छुक," जगदीश म्हणाला. "रविवारी नाक्यावर लावायचंय. रेकॉर्डवाले साहेब येणार, घड्याळ घेऊन. दिपे, वाच गो मोठ्यानं."

दिपिका पेंढ्याच्या ढिगावरून उडी मारून आली. हल्ली ती कुठंही चालत जातच नसे. कंबरेवर हात ठेवून तिनं वाचलं, "टोकावडे ते माळशेज घाट. एकवीस किलोमीटर, न थांबता. वय अवघे सात वर्षे." ती थांबली. "काका, चुकलंय. मी नऊची आहे."

"पुढचं वाच."

"जन्म, नऊ फेब्रुवारी." ती खुदकन हसली. "हे पण चुकलंय. माझा वाढदिवस जुलैत असतो."

झोडायच्या फळीवर भारा आपटल्याचा आवाज एका लयीत येत होता. तो बंद झाला. काशीनं मान वर केली. दिपिकाच्या आईनं, रेश्मानं, भारा डोक्याच्या वर धरला होता आणि तो तसाच धरून ती उभी होती.

तारीख काशीच्याही लक्षात आली, पण जरा उशिरानं. मग तिनं हातातला पेंढा खाली ठेवला.

*

जगदीशला वाटलं होतं, वहिनीला समजावता येईल. आज नाही तर रविवारनंतर, पोरीच्या गळ्यात पदक पडल्यावर.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यापासून पहाटे पाचला तो दिपिकाला रस्त्यावर नेत होता. पोलीस भरतीची तयारी करणारी गावातली पोरं धावायची, त्यांच्यामागं ही. पहिल्या महिन्यात ती त्यांच्यामागं होती. गणपतीच्या सुमारास ती त्यांच्यात होती. दसऱ्याला त्यातला प्रज्वल धापा टाकत म्हणाला, "जगदीशदा, हिला घरी ठेव ना यार, आमची इज्जत जाते." जगदीश स्वतः दोनदा भरतीत बाद झाला होता. दुसऱ्या वेळी चार सेकंदांनी. ते चार सेकंद अजून त्याच्या छातीत होते. कल्याणला गोदामात माल मोजताना, मालगाडीसारख्या लांबच लांब दुपारी, तो ते परत परत धावायचा. ही पोरगी चढावर श्वास न चुकवता बोलत बोलत धावायची, आणि तिच्यामागं मोटारसायकल चालवताना त्याला पहिल्यांदाच ते सेकंद आठवत नसत.

"वहिनी, ऐका," तो म्हणाला. "आठच्या आतली मुलं वेगळी धरतात. नऊ वर्षांच्या मुलीनं एकवीस केलेले आहेत, सोलापूरकडं एकीनं. सातच्या मुलीनं कुणीच नाय."

"ही सातची नाय, भावजी."

"कागदावर आहे."

"कुठल्या कागदावर?"

जगदीशनं बापाकडं पाहिलं. देवराम मिशीवरचा भुसा झाडत होता.

"तो आपल्याकडं होता ना, दवाखान्यातला जन्मदाखला. त्यात नावाची जागा रिकामीच होती. नाव नंतर घालता येतं. अर्ज दिला, नाव घातलं." त्याचा आवाज उतरत गेला. "कुणाचं नुकसान आहे त्यात?"

रेश्मानं भारा फळीवर ठेवला. आपटला नाही, ठेवला. ती चालत फ्लेक्सपाशी आली आणि त्यावर उभी राहिली, त्या हात जोडलेल्या माणसांवरच.

"माझ्या मेलेल्या पोरीचा दाखला हिला लावलात तुम्ही?"

"वहिनी, शब्द जरा..."

"दुसरा कुठला शब्द आहे? सांगा मला, मी तो वापरते."

*

त्या बाळाविषयी या घरात कुणी बोलत नसे. शेहेचाळीस दिवस होती ती. बारसं बाराव्या दिवशी व्हायचं होतं, पण तेव्हा जगदीशची भरती तोंडावर आली होती. देवराम म्हणाला, जगदीश वर्दी घालून येऊ दे, दोन्ही आनंद एकदम करू. जगदीश चार सेकंदांनी हुकला. मग घरात आठ दिवस कुणी धड जेवलं नाही, बारशाचं कोण काढणार? मग होळी आली. होळीनंतर ताप आला. पहाटे रिक्षा मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. देवरामनं आणि रेश्माच्या नवऱ्यानं, ओमकारनं, तिला ओढ्यापलीकडं नेऊन पुरलं. नोंदीचं रेश्मानं विचारलं होतं, तेव्हा सासरा म्हणाला होता, एवढ्याशा जिवाची कुठं नोंद करतात.

दाखला तिनं पातळाच्या घडीत ठेवला होता. वर्षातून एकदा, नऊ फेब्रुवारीला, ती तो उघडायची. आईचं नाव, बापाचं नाव, वजन दोन किलो सातशे, आणि मुलीच्या नावापुढची मोकळी ओळ. ती ओळ बघत बसायची. मनात येतील ती नावं त्यावर ठेवून बघायची. या फेब्रुवारीत घडीत दाखला सापडला नाही, तेव्हा तिला वाटलं होतं, आपणच कुठंतरी हरवला. चार रात्री तिला झोप नव्हती. तेव्हा नवऱ्यानं विचारलं होतं, काय शोधतेस, आणि तिनं सांगितलंही होतं.

हे आठवलं तेव्हा ती जगदीशकडून वळली.

"नाव घालायचा अर्ज आईबापाच्या सहीनं होतो," ती म्हणाली. "मी केली नाय."

ओमकार भारे वाहत होता. डोक्यावरचा भारा त्यानं अजून उतरवला नव्हता. त्याचा चेहरा पेंढ्याआड होता.

"उतरवा तो," रेश्मा म्हणाली. "मला तोंड बघू दे तुमचं."

त्यानं भारा उतरवला.

"तुम्हीच घडीतून काढून दिलात?"

"हो."

"मी शोधत होते तेव्हा?"

"आधीच दिला होता."

"आणि मी सांगितलं तेव्हा म्हणालात, उंदरांनी नेला असेल."

बारकूचं सूप थांबलं. ओमकार पायानं भाताचे दाणे एका जागी गोळा करू लागला. "रेश्मा, ती जागा मोकळीच होती," तो म्हणाला. "सात वर्षं मोकळी होती. मला वाटलं, आपल्याच दुसऱ्या पोरीच्या कामी येईल."

काशीनं आपल्या आयुष्यात बायकांना पुष्कळ वेळा रडताना पाहिलं होतं. रेश्माच्या चेहऱ्यावर रडण्याचं काही चिन्ह नव्हतं, आणि काशीला वाटलं, आता हिला कुणी हात लावू नये.

*

देवरामला मात्र वाटलं की आता आपण बोलायची वेळ आली. घरातली भांडणं तो मीठ टाकावं तसा शेवटी बोलून संपवत आला होता.

"झालं ते झालं," तो म्हणाला. "कागद म्हणजे काय, कागदच. माझी जन्मतारीख एक जून, काशीची एक जून, बारकूची एक जून. मास्तरनं सगळ्या गावाला एकाच दिवशी जन्माला घातलं. कोण मेलं त्यानं? पोरीत दम आहे तो खोटा आहे का? ती एकवीस मैल..."

"किलोमीटर," दिपिका म्हणाली.

"किलोमीटर. ते ती तिच्या पायांनी धावणार ना? आपल्या रक्तातच आहे ते. बारकू तेरा वर्षांचा होता, याच खळ्यावरून भाताचं भरलेलं पोतं पाठीवर घेऊन घरापर्यंत गेला. आख्खा गाव बघायला उभा होता. आमच्या बापानं पैज लावली होती."

"आणि चौदाव्या वर्षी?" काशीनं विचारलं.

"काय चौदाव्या वर्षी?"

"तेराव्या वर्षाचं तू दर वर्षी सांगतोस. चौदाव्याचं मी सांगू का? विटा भाजून फडक्यात गुंडाळून मी याची पाठ शेकत होते. हा दात चावून पडलेला असायचा आणि बाप बाहेर पैजेची गोष्ट सांगत बसायचा. आता तू सांगतोस. पाठ याची, गोष्ट तुमची."

"तायडे, तो विषय वेगळा."

"बारक्या, वेगळा आहे का रे?"

सगळ्यांनी बारकूकडं पाहिलं. त्याला याची सवय नव्हती. त्यानं सूप मांडीवर घेतलं.

"मला तवा लय बरं वाटलेलं," तो म्हणाला. "पोतं खाली ठेवीपर्यंत." मग तो पुढं म्हणाला, "पण पैज लावताना माझं नाव तरी घेतलं होतं. दुसऱ्याचं नाय."

जगदीशच्या कानशिलाची शीर उडत होती.

"म्हणजे मीच वाईट," तो म्हणाला. "मी हिला काय पोतं दिलंय उचलायला? दीड वर्ष माझी झोप मोडून तिला नेतो. तिचे बूट मी आणले. चढावर ती थकली तर मी थांबवतो. विचारा तिला. इथं कुणाच्या पोरीचा फोटो लागतो नाक्यावर? रेकॉर्ड झालं तर तिला चांगली शाळा मिळेल, होस्टेल मिळेल, कोच मिळेल. नाय तर काय, हेच, भारे. वहिनी, तुम्हाला हेच हवंय का हिच्यासाठी?"

"माझ्यावर नका ढकलू. मी तिला धावायला नको म्हटलं नव्हतं. एकवीस जास्त होतात म्हटलं. दहा धावू दे म्हटलं. तिच्या अंगठ्याचं नख काळं पडलंय ते मी रोज बघते, तुम्ही बुटावरून बघता. तरी तिनं हट्ट केला म्हणून मी हो म्हटलं." रेश्माचा श्वास चढला. "तिची हौस होती तोवर मी गिळलं. पण रविवारी घाटात कुणाची पोरगी धावणार होती, ते तरी मला कळलं असतं."

"दिपिकाच धावणार होती."

"नाय. दिपिका नऊची आहे. सातची जी आहे ती ओढ्यापलीकडं आहे. तुमच्या भरतीपायी तिचं बारसं राहिलं, भावजी. मी तेव्हा बोलले नाय. तुम्ही हरून आला होतात, घरात सगळे तुमचं तोंड बघत होते, मीपण बघत होते. आता तुम्हाला परत धावायचंय, तर परत तीच सापडली तुम्हाला."

जगदीश मटकन खाली बसला, फ्लेक्सच्या कोपऱ्यावरच्या दगडाशेजारी.

*

मोठी माणसं दिपिकाला विसरली होती. ती सगळं ऐकत होती.

बाळाचं तिला ठाऊक होतं. आईनं नव्हतं सांगितलं, काशीआजीनं सांगितलं होतं, एकदा ओढ्यावर कपडे धुताना. तुझी बहीण इथंच पलीकडं आहे, तिकडं दगड फेकू नको. तेव्हापासून ओढा आला की ती पलीकडं न बघता पळायची. धावायला ती तिथंच शिकली, असं तिला कधीकधी वाटायचं.

आणि काकानं तिला महिनाभर शिकवून ठेवलं होतं, कुणी परक्यानं विचारलं तर सात सांगायचं; ते असं छापून येईल हे तिला ठाऊक नव्हतं. तिला ते खेळासारखं वाटलं होतं. शाळेत स्नेहलला तिनं हसत सांगितलं होतं, मी रविवारी दोन वर्षांनी लहान होणार. आता अंगठा ठणकत होता. फोटोतली मुलगी खळ्यावर पडली होती, एक पाय हवेत, आणि आई तिच्या शेजारी उभी होती, तिच्याकडं न बघता.

"काका," ती म्हणाली.

"काय गो."

"पदकावर नाव घालतात का?"

"घालतात ना. दिपिका ओमकार..."

"आणि वय?"

जगदीशनं फ्लेक्सवरचा दगड उगाच सरकवला.

"मग मी नाय धावणार."

"दिपे, तुला कळत नाय. एवढी मेहनत केलीस तू. साहेब येणार, लोक येणार. तूच म्हणत होतीस ना, प्रज्वलला हरवणार?"

"प्रज्वलला मी हरवलंय." तिचा आवाज पहिल्यांदाच चढला, आणि तो आईसारखा आला. "सात वर्षांची पाहिजे ना तुम्हाला? मग तिलाच धावू द्या. तिलाच उठवा पाच वाजता."

ती बूट काढू लागली. गाठ सुटेना म्हणून तिनं तसेच ओढून काढले आणि फ्लेक्सवर ठेवले, टाचेला टाच लावून, घरात ठेवते तसे. मग अनवाणी पेंढ्याच्या ढिगामागं गेली.

रस्त्यावरून कल्याणची एसटी गेली तिचा आवाज ऐकू आला.

*

"लाव फोन," देवराम म्हणाला.

"कुणाला?"

"त्या रेकॉर्डवाल्याला. सांग, रविवारचं रद्द."

जगदीशनं खिशातून फोन काढला. "काय कारण सांगू?"

"सांग, पोरगी आजारी पडली. ताप आलाय म्हणावं. तेवढ्यावर भागेल. लोकांतही बरं दिसेल."

काशीनं कपाळाला हात लावला. हा तिचा भाऊ. आईनं याला पदराखाली घालून वाढवला, बापानं पैजा लावायला शिकवलं, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांत याला एवढंच जमलं होतं. ती बोलणार होती. पण रेश्मा आधी बोलली, आणि ओरडली नाही.

"ताप नाय म्हणायचं, बाबा. माझ्या घरात एकीला ताप आला होता. दुसरीला तो तुम्ही तोंडानं आणू नका."

"मग काय सांगू, वहिनी?" जगदीशचा आवाज फाटला होता. "चारशे वीस केलंय म्हणून सांगू? माझं नाव आहे अर्जात. ओमकारदाची सही आहे."

"आहे तर आहे."

"गावात तोंड दाखवता येणार नाय मला."

"मी सात वर्षं दाखवते आहे. जमतं." तिनं हात पुढं केला. "आधी माझा दाखला द्या."

दाखला मोटारसायकलच्या डिकीत होता, प्लास्टिकच्या पिशवीत, इतर कागदांबरोबर. जगदीशनं आणून दिला. नवीन छापलेला होता, कडक, सरकारी शिक्क्याचा. मुलीच्या नावापुढं दिपिका लिहिलेलं. जुना, मऊ पडलेला, घडीवर झिजलेला कागद त्यामागं टाचला होता. रेश्मानं टाचणी काढली. नवीन कागद तिनं जगदीशला परत दिला आणि जुना पोलक्यात खोचला.

"उद्या मी मुरबाडला जाणार, तहसीलला," ती म्हणाली. "दिपिकाचं नाव खोडून घ्यायला. आणि तिची मयताची नोंद करायला. आत्या, तुम्ही याल माझ्याबरोबर? तिथं ओळखीचं कुणी लागतं, तुम्ही तेव्हा इथं होतात."

"येईन," काशी म्हणाली. "नाव काय सांगायचं गो?"

"आज रात्रीत ठरवते."

ओमकार एक पाऊल पुढं आला. "मी पण येतो. बापाची सही लागेल."

"सही तुमची लगेच होते," रेश्मा म्हणाली. "फोन लावा, भावजी. आवाज मोठा ठेवून. सगळ्यांना ऐकू दे."

जगदीशनं फोन लावला. घंटा वाजत राहिली. मग एका हसऱ्या, घाईतल्या माणसाचा आवाज खळ्यावर आला. बोला बोला, काय म्हणते आपली धावपटू, रविवारची तयारी जोरात ना, आपण सव्वापाचला पोचतो, हार तुरे तुमच्याकडं.

"सर," जगदीश म्हणाला. "रविवारचं होणार नाय." त्यानं घसा साफ केला. "आमची दिपिका नऊ वर्षांची आहे. दाखला मी चुकीचा... खोटा दिला होता. तो तिचा नाय."

"मग कुणाचा?"

जगदीशनं वर पाहिलं. बापानं नजर काढून घेतली होती. बारकू सुपाकडं बघत होता.

"तिच्या लहान बहिणीचा. ती वारली."

काशी ऐकत होती. 'वारली' हा शब्द या घरात पहिल्यांदाच कुणीतरी मोठ्यानं उच्चारला होता, आणि तोही फोनवर, परक्या माणसाशी.

पलीकडच्या माणसाचा आवाज बदलला, कोरडा झाला. असं कसं केलंत तुम्ही, आम्हाला हे वर लेखी कळवावं लागेल, तुमचा अर्ज रद्द होईल, तुमच्यावर कारवाईसुद्धा होऊ शकते. "मुलगी कधी वारली?" त्यानं विचारलं. "तारीख सांगा. मला लिहून घ्यावी लागेल."

जगदीशला तारीख माहीत नव्हती. त्यानं देवरामकडं पाहिलं, देवरामलाही नव्हती. होळीनंतर, एवढंच काशीला आठवत होतं. रेश्मा फळीपाशी गेली होती आणि पाठमोरी उभी होती. ती सांगणार नव्हती, हे तिच्या पाठीवरूनच कळत होतं.

"हॅलो?" फोनमधला माणूस म्हणाला.

"सव्वीस मार्च," ओमकार म्हणाला. तो भाऱ्याशेजारी उभा होता, हात दोन्ही बाजूंना मोकळे सोडून. "सोमवार होता. पहाटेचे साडेचार."

रेश्मानं मागं वळून पाहिलं नाही. तिनं भारा उचलला, डोक्याच्या वर नेला आणि फळीवर आपटला. मग पुन्हा. दाणे चारी बाजूंना उडाले, ओमकारच्या पायांवर, फ्लेक्सवर, बुटांवर.

तारीख बरोबर होती. तिला त्याचाच जास्त राग आला.